खामचे पाणी आणि मलिक अंबरचा वारसा

मलिक अंबरचे नाव निघाले की आपल्याकडे चर्चा गनिमी काव्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. १६२४ ची भातवडीची लढाई, तिच्यातला शहाजीराजांचा पराक्रम, जहांगीर बादशहाचा संताप, एवढे सांगून शालेय पुस्तके मोकळी होतात. जहांगीरने तर अंबरच्या तोडलेल्या शिरावर आपण बाण मारीत आहोत असे चित्र अबुल हसन या दरबारी चित्रकाराकडून काढून घेतले. ते शीर बादशहाच्या हाती कधीच लागले नाही. १६२६ मध्ये, ऐंशीच्या आसपास वय असताना, अंबर आपल्या मरणाने गेला आणि खुलताबादेत त्याचा दफनविधी झाला.

आम्हाला हा माणूस आठवतो तो तलवारीपेक्षा पाण्यामुळे. त्याने वसवलेल्या शहराची नावे चारशे वर्षांत पुन्हा पुन्हा बदलली. खडकीचे फतेहनगर झाले, फतेहनगरचे औरंगाबाद झाले, आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. नावांवरून भांडायला माणसांना वेळ मिळाला. ज्या नदीच्या काठी हे शहर उभे राहिले त्या खाम नदीचे नाव मात्र कुणी बदलले नाही, कारण दरम्यानच्या काळात तिला नदी म्हणणेच लोकांनी सोडून दिले होते. ती नाला झाली होती.

हबश देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, १५४८ च्या सुमारास जन्मलेला चापू नावाचा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. बगदादेत एका व्यापाऱ्याने त्याला शिकवले, अंबर हे नाव दिले. पुढे तो दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखानही मूळचा हबशी गुलामच. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. निजामशाही संपली असेच सर्वांना वाटले असताना अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवून राज्य पुन्हा उभे केले. परांडा, जुन्नर, दौलताबाद अशी राजधानी फिरत राहिली आणि १६१० मध्ये त्याने खडकी हे गाव त्यासाठी निवडले.

नावाप्रमाणेच जागा खडकाळ. उत्तरेला डोंगर, त्यातून निघून हर्सूलच्या अंगाने खाली येणारी खाम, आणि मधले पठार. पावसाळा सोडला तर पाणी दुर्मिळ. अशा जागी राजधानी कशासाठी, असा प्रश्न दरबारात कुणी ना कुणी विचारलाच असेल. त्यातच १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाला आणि विजयी मोगल फौजेने खडकीत शिरून शहराची नासधूस केली. नहर-ए-अंबरीचे काम साधारण १६१७ च्या आसपासचे मानले जाते. म्हणजे तटबंदी, वाडे, बाजार सारे मोडलेले असताना या माणसाने हाती घेतले ते पाण्याचे काम. ही गोष्ट आम्हाला भातवडीच्या विजयाइतकीच मोठी वाटते.

नहरीची रचना समजून घेतल्याशिवाय तिचे मोल कळत नाही. तिला धरण नाही, मोट नाही, पाणी वर उचलणारे यंत्र नाही. खामच्या वरच्या खोऱ्यात, डोंगराच्या पायथ्याशी, पावसाचे पाणी मातीत आणि खडकाच्या भेगांत मुरते. तिथे विहिरी खणून त्या झिरप्याला वाट करून दिली आणि जमिनीखालून दगडी बांधणीचा बोगदा शहराकडे आणला. उतार इतका बेताचा ठेवला की पाणी थांबत नाही आणि भिंतींना खातही नाही. ठरावीक अंतरावर वर तोंडे काढली. त्यांतून आत हवा खेळते, माणूस उतरून गाळ काढू शकतो. शहराजवळ आल्यावर हेच पाणी खापराच्या नळांतून हौदांत, मशिदींत, हम्मामांत आणि मोहल्ल्यांत खेळवले. वाटेत उंच दगडी मनोरे बांधले. त्यांतून नळात कोंडलेली हवा बाहेर पडते आणि पाण्याचा दाब आवरला जातो.

अंबरने हे बगदादेतले करेझ पाहून केले असे पुष्कळ लोक सांगतात. तसे झाले नसेलच असे नाही, पण त्यासाठी इतक्या दूर जायचे कारण नाही. बिदरला बहमनी काळातला करेझ होता, आणि खुद्द अहमदनगरला आजूबाजूच्या गावांतून खापरी नळांनी पाणी आणण्याची निजामशाही व्यवस्था अंबरने उमेदीच्या वयात डोळ्यांनी पाहिली होती. दख्खनच्या कारागिरांना काळा पाषाण, त्याच्या भेगा आणि त्यात मुरणारे पाणी यांची पिढ्यान्‌पिढ्यांची समज होती. परक्या देशातून आलेल्या वजिराने ती समज ओळखली आणि तिच्यावर विश्वास टाकला, हे त्याचे खरे श्रेय. सगळे शहाणपण बाहेरून आले असे सांगण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे. कधी ते मुसलमानांना परके ठरवण्यासाठी सांगितले जाते, कधी मुसलमान स्वतःच मोठेपणासाठी सांगतात.

नहर जमिनीखालून गेली म्हणून ती नदीपासून वेगळी होत नाही. डोंगरावर झाड आहे, उतारावर माती आहे, पात्रात वाळू आहे, तोपर्यंतच झिरपा आहे. अंबरच्या शहराला पाणी मिळत होते ते वरचे रान शाबूत होते म्हणून. राजधानीचा जीव अशा रीतीने वेशीबाहेरच्या गावांच्या हाती होता.

शहराच्या आतही असेच एकमेकांवर विसंबलेले जग होते. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही अंबरकालीन वस्त्यांची नावे मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांवरून पडली, असे इतिहासकार नोंदवतात. हबशी वजीर, मराठा सरदार, दख्खनी आणि अरब सैनिक, ब्राह्मण कारकून, सारे एकाच झिरप्याचे पाणी पीत होते. पुढे मोगल आले आणि बेगमपुरा, जयसिंगपुरा अशा आणखी पुऱ्यांची भर पडली. मोगलांनी अंबरशी पंचवीस वर्षे वैर केले, पण त्याची नहर बुजवली नाही. उलट तिच्याच धर्तीवर आणखी नहरी काढल्या. बेगमपुऱ्याची थत्ते नहर त्यांपैकीच एक.

या मालिकेतली सर्वांत प्रसिद्ध नहर पाणचक्कीची. बुखाऱ्याकडचे नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर औरंगाबादेत आले आणि खामच्या काठी त्यांनी आपला तकिया मांडला. १७१५ मध्ये त्यांचा इंतकाल झाल्यावर त्यांचे शिष्य शाह महमूद यांनी तकियाचा विस्तार केला. याच शाह महमूदांनी आपल्या पिरांच्या आठवणी फारसीत लिहून ठेवल्या. ‘मलफूजात-ए-नक्शबंदिया’ या नावाने त्या अभ्यासकांना परिचित आहेत. काही मैलांवरच्या डोंगरातून पाणी आणून ते उंच भिंतीवर चढवले आणि तिथून हौदात पडदा सोडावा तसे सोडले. त्या पाण्याच्या जोरावर खाली चक्की फिरे आणि तकियातल्या फकिरांचे, मुसाफिरांचे आणि तालिब-इल्मांचे धान्य दळले जाई. १७४४ च्या सुमारास हे काम पुरे झाले. मोठा हौद म्हणजे खालच्या दालनाचे छत आहे, त्यामुळे भर उन्हाळ्यातही त्या दालनात गारवा राहतो. हौद भरून उरलेले पाणी खाममध्ये जाई. डोंगरातून घेतले, काम करवून घेतले आणि नदीला परत दिले, असा तो हिशेब होता. महमूद दरवाजातून येणाऱ्या पर्यटकाला मार्गदर्शक चक्कीचा दगड आणि जुना वड आवर्जून दाखवतात. पाणी कुठून आले आणि कुठे गेले, हे मात्र क्वचितच कुणी सांगते.

पश्चिमेचे जुने दरवाजे पाहा. महमूद दरवाजा, मकाई दरवाजा, बारापुल्ला दरवाजा, तिन्ही खामवर उघडतात आणि तिन्हींसमोर पूल आहे. बारापुल्ल्याचे तर नावच कमानींच्या पुलावरून पडले. ज्या शहराने नदीकडे इतकी दारे उघडली ते नदीकडे पाठ फिरवून कसे बसले, हा इतिहासाच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा प्रश्न आहे.

आमच्या मते याचे उत्तर एका शब्दात आहे: दूरचे पाणी. गोदावरीवर पैठणजवळ जायकवाडीचे धरण झाले. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. नाथसागराने मराठवाड्याला फार दिले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण शहराचे पाणी कित्येक किलोमीटर लांबून पंपाने चढवून येऊ लागले, आणि हर्सूलच्या रानाशी, नहरीच्या तोंडांशी, खामच्या पात्राशी शहराचे देणेघेणे संपले. नहरीवर घरे चढली. तिची तोंडे कुठे बुजली, कुठे कचऱ्याने भरली. खापरी नळ रस्ता खोदताना फुटले ते फुटलेच. उरलेल्या खाममध्ये शहराने आपले सांडपाणी सोडले. आणि इतके करूनही नळाला पाणी रोज आले नाही. वर्षानुवर्षे ते कित्येक दिवसांआड आले.

यातला सर्वांत मोठा विनोद अजून पुढेच आहे. खाम जाते कुठे? शहर ओलांडून, छावणीच्या कडेने, वाळूजच्या औद्योगिक पट्ट्याकडून ती दक्षिणेला उतरते आणि गोदावरीला मिळते ती धरणाच्या वर, नाथसागरात. म्हणजे शहर जे पाणी घाण करून सोडते ते खालच्या गावांच्या शेतांजवळून जाऊन त्याच जलाशयात पोहोचते, जिथून शहर पिण्याचे पाणी उचलते. कांचनवाडीला रोज १६१ दशलक्ष लिटर क्षमतेचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र उभे राहिले आहे. पण ज्या नाल्याचे पाणी त्या केंद्रापर्यंत पोहोचतच नाही, त्याला त्या क्षमतेचा काय उपयोग?

आपण मराठवाड्याचे लोक वरच्यांशी भांडण्यात कुशल आहोत. नाशिक-नगरच्या धरणांनी गोदावरीचे पाणी अडवले की इथे मोर्चे निघतात, आणि ते निघायलाच हवेत. २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले, मेंढेगिरी समितीचा अहवाल आला, २०१४ मध्ये प्राधिकरणाने समन्यायी वाटपाचा आदेश दिला आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. जायकवाडीत ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पासष्ट टक्के साठा झाला नसेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचे, हे त्यातून ठरले. खोरे एक आहे, म्हणून वरच्याने खालच्याचा विचार करावा, हे तत्त्व आपण न्यायालयात जिंकले. मग खामच्या खोऱ्यात शहर हे ‘वरचे’ आहे आणि काठची गावे ‘खालची’ आहेत, हे आपल्याच तत्त्वाने आपल्याला लागू होते की नाही? या प्रश्नावर एकही मोर्चा निघाल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

२०२१ मध्ये मात्र एक नवी सुरुवात झाली. महापालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही पर्यावरण क्षेत्रातली संस्था आणि वॅरॉक या उद्योगसमूहाचे फाउंडेशन यांनी मिळून खाम नदी पुनरुज्जीवन मोहीम हाती घेतली. वरवर पाहता यात विशेष काही नाही. पण या शहराचा कारभार ज्यांना ठाऊक आहे त्यांना महापालिका आणि छावणी एका कामासाठी एका टेबलावर बसल्या याचे नवल वाटेल. नदी ही हद्द पाळत नाही. पालिकेने आपला भाग साफ केला आणि छावणीने आपला तसाच ठेवला तर पहिल्या पावसात दोन्ही सारखेच. पात्रातला वर्षानुवर्षांचा कचरा आणि गाळ काढला गेला, नाल्यांतून वाहून येणारे प्लॅस्टिक अडवण्यासाठी जाळ्या लावल्या गेल्या, काठावर देशी झाडे लागली, लोखंडी पुलाच्या परिसरात लोक पुन्हा नदीकाठी फिरायला येऊ लागले. हे काम ज्यांच्या हातांनी झाले ते बहुतांशी सफाई कामगार होते, याची नोंद इथे करून ठेवतो. शिलालेखावर त्यांची नावे येत नाहीत. त्याच वर्षी देशातल्या तीस नदीकाठच्या शहरांची जी आघाडी स्थापन झाली तिच्यात औरंगाबादचे नाव होते. पुढे जगभरातल्या शहरांसाठीच्या एका नामांकित पुरस्काराच्या अंतिम पाच प्रकल्पांत खामची निवड झाली. चारशे वर्षांनी या शहराचे पाणी पुन्हा बाहेरच्या जगात कौतुकाने बोलले गेले.

कौतुक झाले, ते योग्यच झाले. पण हे काम शहराच्या आतले आहे, आणि खामचे दुखणे शहराच्या आत सुरू होत नाही, तिथे संपतही नाही. वर जटवाड्याकडचे डोंगर आहेत. तिथे उतारावर मुरूम उपसला, प्लॉट पडले, बोअरवेल खोल गेल्या, की झिरपा तुटतो आणि पावसाळ्यानंतर नदीला स्वतःचे असे पाणीच उरत नाही. मग काठ कितीही सुशोभित करा, पात्रातून वाहील ते सांडपाणीच. खाली वाळूज आहे, आणि त्याच्याही खाली शेतकरी आहेत, ज्यांच्या विहिरींना नदीचा शेजार जड जातो. वरची गावे, शहर, छावणी, कारखाने, खालची गावे आणि धरण, या सगळ्यांनी एकत्र बसावे अशी जागा आजवर तयार झालेली नाही.

अशी जागा तयार होऊ शकते, याचे उदाहरण राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यात आहे. अरवरी ही सुमारे पंचेचाळीस किलोमीटरची छोटी नदी दशकानुदशके पावसाळ्यापुरती उरली होती. १९८५ नंतर तरुण भारत संघाच्या साथीने गावकऱ्यांनी जोहड, म्हणजे मातीचे बांध घालून अडवलेली तळी, एकेका ओहोळावर बांधायला घेतली. नदीवर थेट कुणी कामच केले नाही; तिला पाणी देणाऱ्या ओढ्यांवर केले. नव्वदीच्या दशकाच्या मध्यापर्यंत अरवरी बारमाही झाली. पाणी आले तसे मासे आले, आणि मासे आले तसे सरकारी खाते आले. १९९६ मध्ये मासेमारीचा ठेका बाहेरच्या ठेकेदाराला देण्यात आला. गावे उठली, ठेका मागे घ्यावा लागला. नदी वाहती करणे एक आणि ती आपली ठेवणे वेगळे, हे त्यातून लोकांना कळले. २६ जानेवारी १९९९ रोजी हमीरपूर गावात काठच्या सत्तर गावांची अरवरी संसद भरली. ऊस आणि भातासारखी तहानलेली पिके घ्यायची नाहीत, असे नियम तिने केले. तिला कायद्याची मान्यता नाही, शिपाई नाही. एका गावाचा माणूस दुसऱ्या गावासमोर उत्तर द्यायला उभा राहतो, एवढेच तिचे बळ.

अलवर आणि औरंगाबाद यांची बरोबरी होत नाही, हे आम्हाला कळते. तिथे सत्तर खेडी, इथे लाखोंचे शहर आणि कारखाने. पण ओढा आधी, नदी नंतर, हा क्रम दोन्हीकडे तोच आहे. अंबरच्या कारागिरांनीही काम आधी झिरप्यापाशी सुरू केले होते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या वाचकांशी स्पष्ट बोललेली बरी. नदीचे पुनरुज्जीवन म्हटले की काठच्या गरिबांच्या पोटात गोळा येतो. अहमदाबादेत साबरमतीचा काठ सजला तेव्हा हजारो कुटुंबे उठवली गेली. त्यांत मुसलमान आणि दलित मोठ्या संख्येने होते. घरासाठी त्यांना २००५ मध्ये न्यायालयात जावे लागले आणि अनेकांना शहराच्या कडेला, रोजगारापासून लांब जागा मिळाली. शिवाय तिथे नदीत जे पाणी दिसते ते साबरमतीचे नव्हे, नर्मदेच्या कालव्याचे. खामच्या काठीही हातावर पोट असलेल्यांच्या वस्त्या आहेत. तिथे मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, मातंग आहेत. पूर आला की पहिले पाणी त्यांच्या घरात शिरते, दुर्गंधी आणि डास त्यांच्या वाट्याला, आणि नदी घाण केल्याचा ठपकाही त्यांच्यावरच. शहराच्या उंच भागातल्या फ्लॅटचे सांडपाणी नळीतून नजरेआड येते. वस्तीतला कचरा मात्र डोळ्यांना दिसतो. पूररेषेतले घर धोक्याचे आहे, हे खरेच. पण ते हलवायचे तर पर्यायी घर आधी, जवळ आणि लेखी मिळाले पाहिजे. नदीविषयीच्या बैठकीत या वस्त्यांचा माणूस पाहुणा म्हणून न येता हक्काने आला पाहिजे.

आपल्या समाजातल्या जाणत्यांचेही इथे काम आहे. पाणचक्की ही वक्फची जागा. तिच्या पाण्याची वाट डोंगरापासून हौदापर्यंत कुठून जाते याचा माग ठेवणे, त्या वाटेवर काय बांधले जात आहे ते वेळेवर पुढे आणणे, यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. काही उन्हाळ्यांत पाणचक्कीचा पडदा आटल्याच्या बातम्या येतात, तेव्हा दोन दिवस हळहळ होते आणि पाऊस पडला की विषय मिटतो. उत्तरेला दिल्ली दरवाजाजवळ जुना खिज्री तलाव आहे. हजरत खिज्र म्हणजे लोकमानसात पाण्याचे रखवालदार. त्या तलावाला पुढे डॉ. सालिम अली यांचे नाव दिले गेले आणि पक्षीप्रेमींनी तो नेटाने राखला. नहरीच्या वाट्याला असे जिद्दी राखणदार थोडे आले.

अभ्यासकांनी, वास्तुतज्ज्ञांनी नहरीच्या वाटा वेळोवेळी शोधल्या, तोंडे मोजली, नकाशे केले. त्या नकाशांवर शहराच्या विकास आराखड्याचा आणि वरच्या गावांच्या गटनंबरांचा कागद ठेवून पाहिला तर झिरप्याची नेमकी कोणती जमीन अजून मोकळी आहे ते कळेल. हर्सूल आणि जटवाड्याच्या अंगाला ती अजून काही उरली आहे. तिथे आजही पावसाळ्यात ओहोळ भरून वाहतात आणि गुराखी त्यांना त्यांच्या जुन्या नावांनी ओळखतात.